काळ्या बोंडांचं लुगडं

अंगावरचं कापड फाटलं, तर तुम्ही दोष कोणाला देता?

थांबा, लगेच उत्तर देऊ नका. कापड कातणारीच्या हातून जातं, विणणाऱ्याच्या हातून जातं, रंगवणाऱ्याच्या हातून जातं. या तिघांपैकी तुमचं बोट आधी कोणाकडे वळतं? मी सांगते. ज्याच्या बोलण्याला सभेत वजन नसतं, त्याच्याकडे. ज्याला लिहिता येतं, छापता येतं, चार लोकांपुढे उभं राहून टाळ्या घेता येतात, त्याच्याकडे ते कधीच वळत नाही. हे मी एवढ्या ठामपणे सांगू शकते, कारण एकदा ते बोट माझ्याकडे वळायला हवं होतं — आणि वळलं नाही.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. वडिलांना नाही. ज्या मैत्रिणीबरोबर एका खोलीत राहिले तिलाही नाही. मी अन्यायाविरुद्ध लिहिते, असं लोक म्हणतात. मालगुजारांवर लिहिलं, जिनिंगवाल्यांवर लिहिलं, पुढाऱ्यांवर तर इतकं लिहिलं की एकाने मला वर्ध्याच्या बाजारात अडवून विचारलं, "ताई, तुमच्या शाईत मिरची कुटून टाकता का?" मी हसले होते. शाईचा विषय निघाला की मी हसते. का, ते पुढे कळेल.

मी पत्रकांवर वाढले. हे बोलायची रीत म्हणून लिहीत नाही. आमचं घर कारंज्याचं. चळवळीच्या दिवसांत छापखाने बंद पडले, तेव्हा माझे वडील हाताने पत्रकं लिहीत. शाई घरीच व्हायची. आई हिरडे कुटायची, ते पाण्यात उकळायची, आणि वडील त्यात हिराकशीचे हिरवे खडे टाकायचे. टाकले की पिवळट पाणी बघता बघता काळं व्हायचं. लहानपणी मला ती जादू वाटे. अक्षरं मी पाटीवर शिकले नाही, त्या पत्रकांवर शिकले. 'अन्याय' हा शब्द मला 'आंबा' या शब्दाच्या आधी वाचता येत होता, असं वडील पाहुण्यांना कौतुकाने सांगत.

आता त्या संस्थेविषयी. वर्ध्याबाहेर होती, एवढंच सांगते. नाव सांगणार नाही. नाव घेतलं की तुम्ही संस्थेवर तुटून पडाल आणि मी मागच्या दाराने निसटून जाईन. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. आम्ही मुलं-मुली तिथे कताई, विणाई, रंगाई, छपाई शिकत होतो. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक काम पुरं करावं लागे — नक्षी स्वतः काढायची, सागाच्या लाकडावर ठसा स्वतः कोरायचा, आणि एक अख्खं लुगडं स्वतः छापायचं. आणि या कामाला एक सुंदर प्रथा जोडलेली होती. आजही मी तिला सुंदरच म्हणेन. प्रत्येक लुगड्याचं सूत एकाच कातणारीचं असे, आणि छापून झालं की ते लुगडं वार्षिक मेळाव्यात तिलाच भेट दिलं जाई. जिने कातलं, तिच्याच अंगावर.

माझ्या वाट्याला आलं ते भागीबाईचं सूत.

भागीबाई बोरगाव मेघेची. उंच, काळीसावळी, आवाज असा की ती फाटकाशी बोलली की छपाईच्या छपरीत आम्हाला कळे. आठवड्याच्या आठवड्याला सुताच्या गुंड्या फडक्यात बांधून डोक्यावर घेऊन यायची. बोरगावातल्या कितीतरी पोरींना चरखा तिने शिकवला होता, आणि हे ती कोणी विचारलं नाही तरी सांगायची. मला ती पत्रकवाली म्हणायची.

"काय वो पत्रकवाली, आज कोनाले शिव्या देल्ल्या?"

माझी नक्षी होती कापसाच्या बोंडाची. फुटलेलं बोंड, खाली दोन पानं. पण काळं. कापडाच्या पांढऱ्या जमिनीवर ठळक, दाट, काळं बोंड. का काळं? कारण मी ठरवलं होतं — ज्या हातांनी पांढरं सोनं पिकवलं त्या हातांचा अंधार या बोंडात दिसला पाहिजे. तसं मी एका पत्रकात लिहूनही टाकलं होतं, लुगडं छापायच्या आधीच! ठसा कोरून झाला नव्हता आणि त्याचा अर्थ भिंतीवर लागला होता. भागीबाईला मी ठसा दाखवला आणि सगळा अर्थ सांगितला. तिने तो हातात घेऊन उलटसुलट केला.

"बोंडं काळे काऊन? कापूस सडला का वो तुमच्या कारंज्याकडं?"

मी पुन्हा समजावलं. ती हसली. "बरं बाई, शिकेल लोकाइचं शिकेल लोकाइले मालूम. काळं तं काळं. पन टिकलं पायजे. माह्या लेकीले दिवस गेले हायेत, तिच्या घरच्या बारशाले नेसून जाईन मी हे."

टिकलं पायजे. तिने एवढंच मागितलं होतं.

आता काळा रंग कसा करतात, ते थोडक्यात सांगते. एका माठात गंजलेलं लोखंड — बैलगाडीच्या चाकाच्या धावेचे तुकडे, जुने खिळे — गूळ आणि पाणी घालून झाकून ठेवायचं, रोज ढवळायचं, आणि आंबू द्यायचं. आठवडे लागतात. मग ते पाणी गाळून, डिंकाने दाट करून, हिरड्यात भिजवून वाळवलेल्या कापडावर ठशाने उमटवायचं की काळं उठतं. बाजारातलं काही वापरायचं नाही, असा आमच्या छपाईच्या मास्तरांचा दंडक होता. मास्तर थोडं बोलायचे. "माठाले घाई समजत नाई," एवढं मात्र वरचेवर म्हणायचे.

आणि मला घाई होती. मला सतत घाई असायची. माठ भरला, आणि मी हिंगणघाटला एका सभेला गेले. तिथून पत्रकं वाटत आणखी कुठे कुठे. परत आले तेव्हा माठ तसाच — ढवळलेला नाही, फेस नाही, आंबट वास नाही. गूळही मी आणि माझ्या मैत्रिणीने आधीच अर्धा खाऊन टाकला होता, तेही सांगून टाकते. पाणी गाळून चिंधीवर उमटवून पाहिलं. काळं नाही. मळकट तपकिरी, चहा सांडल्यासारखं. दुसरा माठ लावावा तर मेळावा तोंडावर आलेला.

तुम्ही म्हणाल, तपकिरी तर तपकिरी. भागीबाईला काय फरक पडला असता? तिला टिकाऊ लुगडं हवं होतं. फरक मला पडत होता. माझं पत्रक भिंतीवर लागलं होतं! 'काळं बोंड' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. तपकिरी बोंड घेऊन मी तिथे कोणत्या तोंडाने उभी राहणार होते?

मी वर्ध्याला गेले आणि पंसाऱ्याच्या दुकानातून हिराकस आणली.

चिमूटभर नाही. बोंड काळंभोर होईपर्यंत ओतत राहिले. आणि काय काळं आलं ते! माठाचा रंग कापडावर हळूहळू उमलतो. हा रंग उमटताच दाट झाला. धाम नदीत लुगडं धुतलं, जमीन पांढरी निघाली आणि तिच्यावर बोंडं अशी बसली, जणू कोळशाने आत्ता काढली आहेत. छपरीतल्या बाकीच्या मुलांचे काळे रंग त्याच्याशेजारी फिके दिसत होते. ते प्रामाणिक रंग होते, आणि माझ्या शेजारी फिके दिसत होते — याची लाज तेव्हा वाटली नाही. आनंद वाटला.

मेळाव्यात माझ्या लुगड्याचं कौतुक झालं. व्यवस्थापक, ज्यांना आम्ही दादासाहेब म्हणत असू, त्यांनी ते हात उंच करून सगळ्यांना दाखवलं आणि माझं पत्रक वाचून दाखवलं. मग ते लुगडं भागीबाईच्या हाती दिलं. तिने ते उलगडलं, दोन बोटांत चोळलं, आणि आजूबाजूच्या बायांना म्हणाली, "हे माहं सूत हाये. डोये मिटून सांगतो मी." तिकडच्या काही बाया बोलण्यात स्वतःला पुरुषासारखं 'सांगतो' म्हणतात, तशी ती म्हणायची. तिचा चेहरा मला आजही दिसतो. बक्षीस तिला मिळालं असावं, असा.

पुढच्या उन्हाळ्यात ती फाटकातून आत आली, पण डोक्यावर गुंड्या नव्हत्या. काखेत लुगडं होतं. तिने ते अंगणाच्या मधोमध टाकलं.

"पाहा! पाहा जी दादासाहेब! हे लुगडं हाये का चाळनी हाये?"

झालं होतं ते असं. लेकीच्या घरचं बारसं. भागीबाई हेच लुगडं नेसून पंगतीत वाढायला वाकली, आणि कमरेपासून मांडीपर्यंत लुगडं जागोजाग उसवल्यासारखं झालं. शिवण नव्हे, कापडच गळालं. तिची विहीण सगळ्या बायांसमोर पुढे झाली, भोकात बोट घालून म्हणाली, "हे तुमचं हातचं सूत का वो, इहीणबाई? गिरणीचं तरी बरं राह्यते!" बाया हसल्या. लेक रडली. ज्या घरात पोरगी दिली, त्या घरासमोर भागीबाईने वर्षभर आपल्या सुताच्या बढाया मारल्या होत्या. तिथून ती न जेवता उठून आली.

मी छपरीच्या खांबाला टेकून उभी होते. लुगडं पसरलेलं होतं. आणि मला दिसलं.

भोकं गोल नव्हती. लांब चिरा नव्हत्या. प्रत्येक भोक बोंडाच्या आकाराचं होतं. फुटलेलं बोंड, खाली दोन पानं. काळं होतं तेवढंच गळून गेलं होतं. त्याच्याभोवतीचं पांढरं कापड जसंच्या तसं. माझा ठसा तिथे हवेत उभा होता. सगळी छपरी बघत होती आणि कोणालाही तो दिसत नव्हता! कसा दिसेल? भोक दिसलं की सगळे सुताचा विचार करतात. सुताचा विचार आला की कातणारीकडे बघतात. बघण्याची दिशाच ठरलेली असते.

भागीबाईलाही कळलं नाही. तिने ते कापड विणणाऱ्या विणकराला धारेवर धरलं. "यानंच खळ जास्त देल्ली असन!" विणकर म्हणाला, मग बाकीची लुगडी काऊन नाई फाटली? दोन गरीब माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली, आणि मी खांबाला टेकून ते बघत राहिले.

दादासाहेबांनी मग न्याय केला. या न्यायाची आठवण झाली की अजून माझ्या कानशिलाच्या शिरा तटतटतात. त्यांनी भागीबाईचं ताजं सूत मागवलं. गुंडी आकड्याला टांगून खाली वजनं लावायला सुरुवात केली. एक, आणखी एक, आणखी एक. सूत तुटेना. भागीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लावा आनखी. स्वतः लटकून पाहा!" कोणी तरी हसलं. सूत तुटलं नाही. आता काय म्हणायचं? सुताने साक्ष दिली होती!

दादासाहेब शांतपणे म्हणाले, "आजचं सूत चांगलं आहे, भागीबाई. पण लुगड्याचं सूत आजचं नव्हतं."

बघितलंत? चांगलं कातलं तर ते आजचं, वाईट ठरवायचं ते कालचं. असा कोणता पुरावा होता जो त्या बाईने आणला असता आणि तो पुरला असता? आणि दादासाहेब दुष्ट नव्हते. ते स्वतःचा संडास स्वतः साफ करत, जाडंभरडं नेसत, गरिबांसाठी झुरत. गरिबावर प्रेम करणाऱ्या माणसाचाही गरिबाच्या हातावर विश्वास नसतो — हे मी त्या दिवशी शिकले. आणि त्या शिकण्याचा मी काय उपयोग केला? गप्प राहिले.

"सूत सुधारेपर्यंत संस्थेच्या सूत-केंद्राने ते घेऊ नये," असं ठरलं. बोरगावात ती बातमी तिच्या आधी पोचली. ज्या पोरींना तिने चरखा शिकवला, त्यांच्या आयांनी पोरी दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली.

मास्तर त्या वेळी गावी गेले होते. परतल्यावर त्यांनी हकीकत ऐकली. लुगडं तोवर भागीबाई घेऊन गेली होती, त्यांनी ते पाहिलं नाही. पण ते माझ्याजवळ आले आणि एकच विचारलं.

"पोरी, तुहा माठ नीट आंबला होता नं?"

"हो," मी म्हणाले.

माझं सगळं खोटं एवढंच. एक अक्षर. मोठमोठी पत्रकं लिहिणारीला एवढंच पुरलं. मास्तरांनी मान हलवली आणि ते गेले. त्यांनी मला खोटारडी म्हटलं असतं तर? तर कदाचित मी भांडले असते. भांडायला मी केव्हाही तयार असते.

पण थांबा, अजून संपलं नाही. आमच्याकडे आठवड्यातून एकदा प्रार्थनेनंतर आत्मनिवेदन असे. ज्याच्या हातून चूक झाली त्याने सगळ्यांसमोर उभं राहून ती सांगायची. सक्ती नाही, शिक्षा नाही. सांगायचं आणि हलकं व्हायचं. याहून सोपी संधी जगात कोणाला मिळते का? त्या आठवड्यात मी उभी राहिले. मी ठरवून उभी राहिले होते. तोंड उघडलं — आणि म्हणाले, "माठासाठी दिलेला गूळ मी खाल्ला."

गूळ!

खरं होतं ते. म्हणून तर वाईट. खोट्यापेक्षा वाईट काही असेल तर ते असं खरं, जे दुसऱ्या खऱ्याच्या तोंडावर हात ठेवतं. दादासाहेबांचे डोळे भरून आले. एवढीशी चूकही जिला पोटात ठेववत नाही, अशी मुलगी म्हणून त्यांनी माझं उदाहरण दिलं. मग भजन झालं. मी टाळ्या वाजवत होते.

आणि त्याच महिन्यात आमच्या भित्तिपत्रकात मी एक लेख लिहिला. बळकट सुताशिवाय बळकट देश नाही, असा काहीसा त्याचा सूर होता. 'काही हात आता सुस्तावले आहेत,' असं एक वाक्य त्यात होतं. नाव नव्हतं. नाव लिहायची गरजच नव्हती. सगळ्यांना माहीत होतं. हे वाक्य मला लिहायला कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. गप्प बसले असते तरी निभावलं असतं. मला गप्प बसणंही जमलं नाही. आपल्या चोरीवर पहारा ठेवायला मी आपली लेखणी उभी केली.

आता तुमच्या मनात एक दयेचा विचार आला असेल. मुलगी होती, घाईत होती, हिराकस कापडाला खाते हे तिला काय माहीत? इतकी वर्षं मीही स्वतःला हेच सांगत आले. हा विचार फार मऊ आहे, त्यावर झोप लागते. तो मी आता फाडते.

मला माहीत होतं.

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत वडिलांची जुनी पत्रकं होती. चळवळ संपून काही वर्षांनी मी ती बाहेर काढली, एक कागद दारातल्या उन्हात धरला — आणि अक्षरांतून ऊन आलं. शाई होती तिथे कागद उरलाच नव्हता. 'स्वराज्य' हा शब्द कागदातून गळून पडला होता आणि त्याच्या जागी त्याच आकाराचा उजेड होता. मला ते फार सुंदर वाटलं. मी धावत वडिलांना दाखवायला नेलं. ते म्हणाले, "हिराकस जास्त पडली का शाई कागद खाते, बेटा. आमी घाईत होतो तवा."

हे मी ऐकलेलं होतं. पाहिलेलं होतं. ती भोकं मी बोटांनी चाचपली होती. पंसाऱ्याने पुडी बांधली तेव्हा ती पेटी माझ्या डोळ्यांसमोर आली होती. आणि मी काय विचार केला? कापड कागदापेक्षा जाड असतं. मेळाव्यापर्यंत टिकेल.

मेळाव्यापर्यंत. तिच्या लेकीच्या बारशापर्यंत नव्हे. माझ्या टाळ्यांपर्यंत.

शिक्षण संपल्यावर मी एकदा बोरगावला गेले. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, भागीबाई वडनेरला भावाकडे गेली, तिकडेच राहते. मी वडनेरला गेले. कापूस वेचणीचे दिवस होते. ती शेतात होती, कमरेला ओटी बांधून वेचत होती. मला तिने लांबूनच ओळखलं.

"अवं, पत्रकवाली! तू इकडं कोठी? कोनाच्या मागं लागली आता?"

तिने धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसवलं, पितळी गडव्यातून पाणी दिलं. मी विचारलं, चरखा? ती म्हणाली, भाचीला देऊन टाकला, पण तिलाही शिकवत नाही. मी विचारलं, का? बोंडातला कापूस ओढता ओढता ती सहज बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता. मी रागाची तयारी करून गेले होते. शिव्या खायला, मारही खायला तयार होते.

"मी तवा लय कल्ला केला पोरी, दादासाहेबाले आडवीतिडवी बोलली. पन मंग घरी बसून इचार केला. येवढे शिकेल लोकं मनतेत तं असन. असन माहंच सूत कमजोर. मले समजलं नसन."

ऐकलंत? वजनं लावली तरी जिचं सूत तुटलं नव्हतं, 'स्वतः लटकून पाहा' म्हणणारी जी बाई होती, तिने आपल्या हातांवरचा विश्वास सोडला होता. हे कोणी केलं? विहिणीने? दादासाहेबांनी? मला त्यांच्यावर रागवावंसं वाटतं, आणि मी रागावतेच. पण त्या धुऱ्यावर दादासाहेब नव्हते. मी होते. एका वाक्याचं अंतर होतं. 'भागीबाई, तुझं सूत चांगलं होतं, रंग माझा वाईट होता.' एवढंच.

मी पाणी प्यायले. गडवा खाली ठेवला. येते म्हणाले.

"येजो कवा मवा," ती म्हणाली, आणि वेचायला लागली.

त्यानंतर मी किती अन्यायांवर लिहिलं! कोणाच्या जमिनी, कोणाच्या मजुऱ्या. प्रत्येक वेळी लोक म्हणाले, काय धार आहे. ती धार कुठून येते हे मला ठाऊक आहे. ज्याला स्वतःकडे बघायचं नसतं तो दुसऱ्याकडे फार तीक्ष्ण बघतो. मी लिहिलेला कोणताही शब्द खोटा नव्हता. पण ते सगळे शब्द त्या गुळासारखे होते.

हे तुमच्या हातात पडेल तोवर मी वडनेरला जाऊन आलेली असेन. भागीबाईला वाचता येत नाही, म्हणून तिच्या अंगणात, तिच्या भावासमोर, भाचीसमोर, शेजाऱ्यांना बोलावून हे सगळं मोठ्याने सांगितलेलं असेल. ती काय म्हणाली ते मी कुठेही लिहिणार नाही. ते तिचं आहे. त्यावरही मी लेख करणार नाही. तुमच्याकडून मला क्षमा नको, समजूत नको, 'निदान कबूल तरी केलं' हे तर मुळीच नको.

एक काम मात्र तुम्ही करा. वर्ध्यात, बोरगावात, हिंगणघाटकडे कोणाच्या तोंडून भागीबाईच्या कमजोर सुताची गोष्ट ऐकलीत, तर त्याला तिथेच थांबवा आणि रंग कोणी केला होता ते सांगा. आणि तुम्ही सूत-केंद्रावर बसत असाल, शिकवत असाल, न्याय करत असाल, आणि उद्या कोणी फाटकं लुगडं तुमच्यासमोर आणून टाकलं, तर कातणारीला बोलावण्याआधी उठा, ते कापड उन्हात धरा आणि भोकांचा आकार बघा.